अँटवर्पचे ‘पहिले’ मान आणि सहा भारतीयांचीं नांवें

जुन्या कागदांच्या संग्राहकानें दोन शब्दांविषयीं नेहमी सावध असावें. एक ‘मूळ’ आणि दुसरा ‘पहिला’. बाडाच्या वेष्टनावर ‘मूळ प्रत’ असें लिहिलेलें आढळलें म्हणजे आंत बहुधा नकल असते. आणि एखाद्या घराण्याच्या हकीकतींत ‘सर्वांत पहिला’ असा पुरुष भेटला म्हणजे त्याच्या आधींचा एखादा पुरुष शेजारच्या दप्तरांत निजलेला असतो. हा अनुभव सनदा, महजर व बखरी यांपुरताच आहे अशी बऱ्याच संशोधकांची समजूत दिसते. प्रस्तुत लेखांत तोच कस एका अगदीं निराळ्या व तुलनेनें अलीकडच्या विषयास लावून पाहावयाचा आहे. तो विषय म्हणजे १९२० सालीं बेल्जियममधील अँटवर्प येथें भरलेला ऑलिंपिक क्रीडामहोत्सव व त्यांत उतरलेले सहा भारतीय.

हा विषय देऊळघाटासारख्या ठिकाणीं बसून कां सुचावा, असें कोणी विचारील. उत्तर गांवाच्या नांवांतच आहे. पैनगंगेच्या कांठचें हें बुलढाण्याजवळचें गांव स्थानिक लोकांच्या तोंडीं ‘देऊळघाट’ आहे; इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांत तेंच ‘देवलघाट’ झालेलें आहे. जिल्ह्याच्या नांवाचीहि हीच गत असून ‘बुलडाणा’ कीं ‘बुलढाणा’ हा वाद अद्यापि मिटलेला नाहीं. परंतु या घोटाळ्यानें कोणाची हानि होत नाहीं, कारण गांव जागचें हललेलें नाहीं. नदी तेथेंच आहे, वस्ती तेथेंच आहे, आणि चुकीच्या लेखनाला खोटें पाडावयास प्रत्यक्ष गांव साक्षीस उभें आहे. माणसाच्या नांवाचें तसें नाहीं. माणूस गेला, त्याच्या ओळखीचे गेले, म्हणजे यादींत जें लिहिलें असेल तोच माणूस होऊन बसतो. अँटवर्पला गेलेल्या आपल्या लोकांचें असेंच झालें आहे, आणि तें दुरुस्त करण्याचें काम क्रीडालेखकांपेक्षां पाठचिकित्सा जाणणारांचें अधिक आहे, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

आधीं महोत्सवाची थोडक्यांत हकीकत. १९१६ सालचा महोत्सव बर्लिन येथें व्हावयाचा होता; महायुद्धामुळें तो झाला नाहीं. युद्ध संपल्यावर १९१९ च्या वसंतांत अँटवर्प शहराची निवड झाली. युद्धांत होरपळलेल्या देशास दिलेला तो मान होता, पण तयारीस जेमतेम सव्वा वर्ष मिळालें आणि पैशाची ओढाताण अखेरपर्यंत राहिली. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया व तुर्कस्तान या पराभूत राष्ट्रांस बोलावणें गेलें नाहीं. एकोणतीस देशांचे सुमारें अडीच हजारांवर खेळाडू जमले. १४ ऑगस्ट १९२० रोजीं राजा पहिला आल्बर्ट यानें उद्घाटन केलें, आणि १२ सप्टेंबर रोजीं सर्व आटोपलें. मात्र येथेंच पहिली सावधगिरी घ्यावी लागते. बर्फावरील हॉकीचे सामने, जे या महोत्सवांत प्रथमच आले, ते एप्रिलमध्येंच खेळले जाऊन कानडाच्या संघानें जिंकलेहि होते. म्हणजे उद्घाटनाआधीं चार महिने महोत्सव सुरू होता. समारंभाची तारीख आणि प्रत्यक्ष प्रारंभाची तारीख यांत असा फरक राज्यारोहणाच्या बाबतींत आपल्या वाचकांनीं अनेकदां पाहिलेला आहे.

अँटवर्पच्या नांवावर तीन ‘पहिले’ मान सामान्यतः सांगितले जातात. पांच वर्तुळांचा ध्वज तेथें प्रथम फडकला. खेळाडूंची शपथ तेथें प्रथम घेतली गेली. आणि शांतीचें चिन्ह म्हणून कबुतरें तेथें प्रथम सोडलीं गेलीं. तिन्ही विधानें छापील ग्रंथांतून इतक्या वेळां आलीं आहेत कीं त्यांची तपासणी करण्याचें कोणास सुचत नाहीं. तपासणी केली असतां तिन्ही टिकतात, परंतु प्रत्येकास एकेक शेपूट जोडावें लागतें. ध्वज १९१४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक परिषदेंतच लोकांपुढें आला होता. अँटवर्पचें प्राथम्य एवढेंच कीं प्रत्यक्ष महोत्सवांत तो तेथें पहिल्यानें उभारला गेला. शपथ व्हिक्टर बॉइन या बेल्जियन खेळाडूनें घेतली. हा पाणपोलो व तरवारबाजी या दोन्हींत उतरलेला गृहस्थ. अर्वाचीन महोत्सवांत हीच पहिली शपथ होय. परंतु प्राचीन ग्रीसमध्यें ऑलिंपिया येथें झ्यूसच्या मूर्तीपुढें खेळाडू शपथ घेत असत, तेव्हां ही नवी चाल नसून जुन्या चालीचा जीर्णोद्धार आहे. कबुतरें तर १८९६ सालीं अथेन्स येथेंहि उडालीं होतीं. उद्घाटनाच्या विधींत त्यांस स्थान मिळालें तें अँटवर्पला, आणि युद्धांत मारल्या गेलेल्यांची आठवण ताजी असतां त्यांस अर्थ आला तोहि तेथेंच. सारांश, ‘पहिला’ या शब्दापुढें ‘कशांत’ हा शब्द लिहिल्याखेरीज तें विधान पुरें होत नाहीं.

ध्वजाची पुढील हकीकत तर वस्तुसंग्राहकांनीं मुद्दाम लक्षांत ठेवावी अशी आहे. महोत्सव संपल्यावर ध्वज सांपडेना. पुढील १९२४ च्या पॅरिस महोत्सवासाठीं नवा करवावा लागला, आणि गंमत अशी कीं या नव्या ध्वजालाहि ‘अँटवर्पचा ध्वज’ हेंच नांव राहिलें. तो एका यजमान शहराकडून दुसऱ्याकडे १९८८ च्या सेऊल महोत्सवापर्यंत फिरत राहिला. इकडे १९९७ सालीं हॅल हेग प्रीस्ट नांवाच्या वयोवृद्ध अमेरिकन गृहस्थानें, १९२० च्या ध्वजाचा पत्ता लागत नाहीं असें एका मेजवानीच्या प्रसंगीं ऐकून, तो आपल्या पेटींत असल्याचें सांगितलें. हा गृहस्थ अँटवर्प येथें उंचावरून पाण्यांत उडी घेण्याच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलेला. ड्यूक कहानामोकू या प्रसिद्ध जलतरणपटूनें डिवचल्यावरून रात्रीं खांबावर चढून आपण ध्वज उतरविला, अशी त्याची कबुली. सन २००० मध्यें सिडनी येथें, वयाच्या १०३ व्या वर्षीं, त्यानें तो ऑलिंपिक समितीच्या स्वाधीन केला.

ही कथा वृत्तपत्रांनीं मिटक्या मारीत छापली, आणि ती आहेहि तशीच. पण संग्राहकानें तिच्याकडे निराळ्या नजरेनें पाहावें. वस्तु ऐंशी वर्षें एकाच माणसाच्या ताब्यांत होती, ही प्राप्तिपरंपरा उत्तमच म्हणावी लागेल. तथापि ती परंपरा त्याच एका माणसाच्या जबानीवर उभी आहे. क्रीडांगणावर एकच ध्वज होता असें समजण्यास आधार नाहीं, आणि समारंभांत चढविला गेलेला तो हाच, हें सिद्ध करणारी दुसरी साक्ष पुढें आलेली नाहीं. ऑलिंपिक समितीनें तो स्वीकारला हें योग्यच केलें. पण ‘अँटवर्पचा ध्वज’ या एकाच नांवाखालीं दोन निराळ्या वस्तु आहेत, त्यांतील दुसरी पहिलीची जागा भरण्यासाठीं झालेली आहे, आणि पहिलीची ओळख कबुलीजबाबावर अवलंबून आहे, या तीन गोष्टी वर्णनपत्रिकेंत वेगळ्या लिहिल्या पाहिजेत. आपल्याकडील किती संग्रहांत ‘अमक्याची तरवार’ या चिठ्ठीमागें याहून अधिक कांहीं असतें, हें ज्यानें त्यानें मनाशीं विचारावें.

आतां या सर्व गोंधळाच्या मुळाशीं असलेल्या कारणाकडे वळूं. अँटवर्प महोत्सवाचा अधिकृत वृत्तांत त्या वेळीं छापून प्रसिद्ध झालाच नाहीं. व्यवस्थापक समितीजवळ पैसा उरला नव्हता. १९०८ चा लंडनचा व १९१२ चा स्टॉकहोमचा वृत्तांत जाडजूड ग्रंथरूपानें निघाले असतां, १९२० ची जागा ग्रंथालयाच्या फडताळांत रिकामी राहिली. पुढें सदतीस वर्षांनीं, १९५७ सालीं, बेल्जियमच्या ऑलिंपिक समितीनें एक टंकलिखित वृत्तांत तयार करविला. ज्या व्हिक्टर बॉइननें शपथ घेतली होती, तोच त्या सुमारास समितीचा अध्यक्ष होता. म्हणजे घटनेचा मुख्य साक्षी आणि वृत्तांताचा पुरस्कर्ता एकच. तरीहि त्यांत निकालांची माहिती अगदीं त्रोटक आहे. पुढच्या अभ्यासकांना वेगवेगळ्या देशांच्या वृत्तपत्रांतून, संघांच्या कागदांतून व खेळाडूंच्या टिपणांतून एकेक शर्यत जुळवावी लागली. बखर हरवली आणि पत्रव्यवहारावरून इतिहास उभा करावा लागला, असा हा प्रकार आहे.

एक उदाहरण पुरे होईल. लहान होड्यांच्या एका शर्यतीचा आरंभ बेल्जियमच्या किनाऱ्यावर झाला; पण त्या प्रकारांत उतरलेल्या दोन्ही होड्या हॉलंडच्याच असल्यामुळें उरलेल्या फेऱ्या पुढें त्यांच्याच देशांत उरकण्यांत आल्या. एकच स्पर्धा दोन देशांत झाली, हा ‘पहिला’ मान कोणीं मिरविला नाहीं, कारण तो समारंभांतला नव्हता. उलट समारंभांतले मान सर्वांच्या तोंडीं आहेत. स्मृति अशीच निवड करते. जें ध्वज, शपथ, तोफ यांच्याबरोबर घडतें तें राहतें; जें अडचणीमुळें घडतें तें जातें. पुढील पिढीला मात्र अडचणींवरूनच काळ कळतो.

अशा महोत्सवांत भारताचा संघ प्रथम गेला. या प्रवासाचें श्रेय सर दोराबजी टाटा यांस दिलें जातें तें यथार्थ आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे ते अध्यक्ष होते. १९१९ सालीं जिमखान्याच्या क्रीडासंमेलनांत अनवाणी धांवणाऱ्या खेडुतांची चाल पाहून, हे लोक युरोपांतील धांवपटूंच्या जवळपास येतात, असें त्यांच्या मनानें घेतलें. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांची मदत घेऊन ब्रिटिश ऑलिंपिक समितीमार्फत भारतास महोत्सवांत प्रवेश मिळविण्यांत आला. टाटा १९२० मध्येंच आंतरराष्ट्रीय समितीचे सभासद झाले. भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली ती १९२७ सालीं. म्हणजे संघ आधीं गेला आणि त्यास पाठविणारी कायमची संस्था सात वर्षांनीं उत्पन्न झाली. या अनुक्रमाकडे लक्ष न देतां ‘भारतीय ऑलिंपिक संघटनेनें १९२० सालीं संघ धाडला’ असें लिहिणारे लेखक आढळतात. त्यांनीं तारखा एकदां शेजारीं शेजारीं मांडून पाहाव्या.

या हकीकतीचा मुख्य आधार म्हणजे टाटा यांनीं १९२९ सालीं काउंट बाये-लातूर यांस लिहिलेलें पत्र होय. आधार उत्तम आहे, तरी त्याची पारख केलीच पाहिजे. पत्र घटनेनंतर नऊ वर्षांनीं लिहिलें आहे, आणि लिहिणारा स्वतःच त्या घटनेचा प्रमुख कर्ता आहे. असें पत्र आत्मवृत्ताच्या वर्गांत पडतें. परंतु ज्यास तें लिहिलें तो गृहस्थ कोण, हें पाहिलें म्हणजे त्याचें मोल वाढतें. बाये-लातूर हे त्या वेळीं आंतरराष्ट्रीय समितीचे अध्यक्ष होते, आणि १९२० सालीं अँटवर्प महोत्सवाची जुळवाजुळव करणाऱ्या पुढाऱ्यांपैकींहि ते होते. अँटवर्पविषयीं चुकीचें विधान त्यांच्यापुढें टिकलें नसतें. म्हणून पत्रांतील अँटवर्पकडील भाग विशेष विश्वसनीय मानावा. पुण्याकडील भागास मात्र, जो त्या वाचकास पडताळून पाहतां येण्यासारखा नव्हता, तत्कालीन मराठी व इंग्रजी वृत्तपत्रांचा दुजोरा घ्यावा. अनवाणी धांवणाऱ्या खेडुतांचें चित्र इतकें मनोहर आहे कीं तें पुढच्या प्रत्येक लेखांत जसेंच्या तसें उतरलें. चित्र खरें असेल. पण दहा लेखांत आलें म्हणून त्याचे दहा साक्षीदार होत नाहींत. मूळ साक्षी एकच आहे आणि नऊ नकला आहेत.

संघांत सहा खेळाडू होते. चार धांवणारे व दोन मल्ल. सोबत सोहराब भूत व डॉ. फैजी हे व्यवस्थापक. येथून पुढें ज्यासाठीं हा लेख लिहिला तो भाग येतो. जगांतील प्रचलित याद्यांत या सहाजणांचीं नांवें अशीं आढळतात: पूर्मा बॅनर्जी, फडेप्पा चौगुले, सदाशिर दातार, कैकाडी, कुमार नवले आणि रणधीर शिंदेस. मराठी वाचकानें ही ओळ एकदां मोठ्यानें वाचावी. ज्याच्या कानांवर मराठी नांवें लहानपणापासून पडलीं आहेत, तो तीन ठिकाणीं अडखळल्याशिवाय राहणार नाहीं.

‘सदाशिर’ हें नांव मराठींत नाहीं. ‘सदाशिव’ आहे. रोमन लिपींत ‘व्ही’ व ‘आर’ हीं लहान अक्षरें घाईनें लिहिलीं असतां एकमेकांसारखीं दिसतात, हें ज्यानें त्या काळचे हातचे इंग्रजी कागद वाचले आहेत त्यास सांगावयास नको. ‘पूर्मा’ हें नांव बंगालींत नाहीं. ‘पूर्ण’ आहे, आणि हा गृहस्थ बंगालकडील पूर्णचंद्र होय. ‘एन’ अक्षराला एक वांक जास्त पडून त्याचा ‘एम’ झाला. ‘शिंदेस’ तर उघडच शिंदे. शेवटचा ‘एस’ कोठून चिकटला याचा काथ्याकूट करण्यापेक्षां तो काढून टाकणें बरें. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाहीं आणि अक्षरें एकमेकांस जोडून जातात, म्हणून आपण अर्थ व संदर्भ पाहून पाठ ठरवितों. ‘आडनांव या कुळांत संभवतें काय, हा शब्द या भाषेंत आहे काय’ असे प्रश्न मोडी वाचणारा पदोपदीं विचारतो. तेच दोन प्रश्न या सहा नांवांस कोणीं विचारले असते तर चूक पहिल्या वाचनांतच पकडली गेली असती. पण यादी करणारांस मराठी येत नव्हती, आणि मराठी येणारांनीं यादी प्रमाण मानली. दोष पहिल्यांचा लहान, दुसऱ्यांचा मोठा.

मात्र दुरुस्तीच्या उत्साहाला लगाम हवा. ‘फडेप्पा दरेप्पा चौगुले’ हें नांव पुण्याच्या वाचकाच्या कानाला परकें लागेल, म्हणून कोणी तें ‘सुधारूं’ जाईल. पण चौगुले बेळगांवकडील. तेथें मराठी व कानडी दोन्ही एकाच उंबऱ्यांत नांदतात, आणि मराठी आडनांवापुढें ‘अप्पा’नें संपणारें नांव येणें यांत कांहींहि विचित्र नाहीं. हा पाठ जसाच्या तसा ठेवला पाहिजे. ‘कैकाडी’ या एकशब्दी नोंदीबद्दलहि तोच संयम हवा. मराठी मनुष्यास तें एका जमातीचें नांव म्हणून परिचित आहे. त्यावरून त्या धांवपटूची जात ठरविणें किंवा जवळपासच्या उच्चाराचें दुसरें एखादें आडनांव त्याच्या जागीं बसविणें, दोन्ही सारखींच अविचाराचीं होत. ज्या पाठास दुसरा पुरावा नाहीं तो कंसांत ठेवून पुढें जावें, हा ग्रंथसंपादनाचा जुना नियम येथें लागू पडतो.

नांवांनंतर कामगिरी. बॅनर्जी यांनीं पथकापुढें ध्वज धरला आणि १०० व ४०० मीटर धांवण्यांत भाग घेतला. ते प्राथमिक फेरीपुढें गेले नाहींत. मॅरेथॉन २२ ऑगस्ट रोजीं झाली. अंतर ४२ किलोमीटर ७५० मीटर, म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासांतील सर्वांत लांब मॅरेथॉन. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटें ३५.८ सेकंदांत पहिला आला. एस्टोनियाचा युरी लोसमान त्याच्या मागून अवघ्या तेरा सेकंदांच्या आंत पोंचला. आपले चौगुले एकोणिसावे आले. दातार यांनीं शर्यत पुरी केली नाहीं. एकोणिसावा क्रमांक ऐकून मान हलविणारानें अंतर पुन्हा वाचावें, आणि हा धांवपटू समुद्रापारच्या रस्त्यावर, परक्या हवेंत, आपल्या देशाच्या पहिल्याच संघांतून धांवत होता हें ध्यानांत घ्यावें.

मल्लांपैकीं नवले पहिल्याच फेरींत बाद झाले. रणधीर शिंदे यांचें मात्र विस्मरण होणें ही खरोखर खेदाची गोष्ट आहे. हलक्या वजनाच्या, ज्यास इंग्रजींत फेदरवेट म्हणतात, त्या गटांत मुक्त पद्धतीच्या कुस्तींत त्यांनीं ब्रिटनच्या इनमानला हरविलें. उपांत्य फेरींत अमेरिकन मल्लाकडून ते हरले. तिसऱ्या क्रमांकाच्या कुस्तींत ब्रिटनचा बर्नार्ड जिंकला आणि शिंदे चौथे राहिले. एक कुस्ती आणखी जिंकली असती तर भारतीय मल्लाचें पहिलें ऑलिंपिक पदक १९२० सालचें ठरलें असतें. तें मिळावयास पुढें बत्तीस वर्षें लागलीं: १९५२ सालीं हेलसिंकी येथें कऱ्हाडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं कांस्यपदक मिळविलें. खाशाबांचा मान अबाधित आहे. पण त्यांच्या चरित्राच्या पहिल्या पानावर शिंद्यांचें नांव असावयास हवें, आणि तें योग्य रीतीनें लिहिलेलें असावयास हवें.

येथें एक आक्षेप येईल. भारताच्या नांवावरील पहिलीं पदकें तर १९०० सालीं पॅरिस येथें कलकत्त्यास जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यानें मिळविलीं, २०० मीटर धांवणें व २०० मीटर अडथळ्यांची शर्यत यांत दोन रौप्य. मग १९२० ‘पहिलें’ कसें? आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिति हीं पदकें भारताच्या खात्यावर मांडते. ॲथलेटिक्स महासंघाच्या आंकडेवारींत तीं ग्रेट ब्रिटनच्या खात्यावर गेलीं आहेत. दोन सरकारी दप्तरें एकमेकांविरुद्ध उभीं राहिलीं म्हणजे काय करावें हें आपण जाणतोंच: भांडण कोणत्या शब्दावर आहे तें शोधावें. १९०० सालीं राष्ट्रवार संघ पाठविण्याची पद्धत बसलेली नव्हती. प्रिचर्ड एकटा उतरला. म्हणून ‘भारतांत जन्मलेला पहिला पदकविजेता’ आणि ‘भारतानें निवडून पाठविलेला पहिला संघ’ हीं दोन वेगळीं विधानें आहेत आणि दोन्ही खरीं आहेत. तंटा ‘पहिला’ या शब्दानें उत्पन्न केलेला आहे, घटनांनीं नव्हे.

दुसऱ्याच्या घरचीं जळमटें काढल्यावर वऱ्हाडी लेखकानें आपलें घरहि झाडलें पाहिजे. अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक १९३६ सालीं बर्लिनला जाऊन त्यानें हुतुतू व इतर देशी व्यायामप्रकार तेथील लोकांस दाखविले, ही गोष्ट आम्हां वऱ्हाडकरांस अभिमानाची आहे. पण यावरून ‘१९३६ च्या ऑलिंपिकमध्यें कबड्डी हा अधिकृत प्रदर्शनीय खेळ होता’ असें जें वाक्य सर्रास छापलें जातें तें टिकत नाहीं. त्या महोत्सवांतील प्रदर्शनीय खेळ बेसबॉल व ग्लायडर-उड्डाण हे दोन. अमरावतीकरांचे प्रयोग महोत्सवाच्या वेळीं, त्या निमित्तानें जमलेल्या लोकांपुढें झाले. ते महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेचा भाग नव्हते. १९१४ सालीं निघालेल्या एका खासगी मंडळानें बावीस वर्षांत आपल्या माणसांस स्वतःच्या खेळासह युरोपांत नेऊन उभें करावें, ही खरी हकीकत खोट्या पदवीहून मोठी आहे. खोटी पदवी लावली कीं परका अभ्यासक एका दमांत ती खोडून टाकतो, आणि तिच्याबरोबर खरी हकीकतहि वाहून जाते.

आतां शेवटची विनंति, आणि ती संग्राहकांस आहे. अँटवर्पचा छापील वृत्तांत नाहीं, म्हणून १९२० च्या भारतीय पथकासंबंधींचा प्रत्येक घरगुती कागद मूळ साधनाच्या योग्यतेचा आहे. बेळगांव, सातारा, कोल्हापूर, पुणें व मुंबईकडील जुन्या घरांतून, तालमींतून, वर्तमानपत्रांच्या बांधीव फायलींतून एखादें निवडपत्र, वर्गणीची पावती, बोटीवरून आलेलें पत्र किंवा मागें नांवें लिहिलेलें छायाचित्र निघणें अशक्य नाहीं. तें हातीं आल्यास तीन गोष्टी कराव्या. कागद कोणाच्या घरून, कोणामार्फत, केव्हां आला हें त्याच दिवशीं टिपावें. नांवें जशीं लिहिलेलीं आहेत तशींच, दुरुस्ती न करतां, उतरून घ्यावीं आणि आपला पाठ निराळा लिहावा. व देवनागरी किंवा मोडी सही असल्यास ती आधीं पाहावी, कारण स्वतःच्या हातानें लिहिलेल्या आपल्या नांवापुढें बाहेरच्या साऱ्या याद्या फिक्या पडतात.

खांबावर चढून ध्वज नेणाऱ्या खेळाडूची हकीकत वृत्तपत्रांनीं आवडीनें छापली. त्याच शहरांत मॅरेथॉन धांवूं गेलेल्या मराठी मनुष्याच्या वाट्यास मात्र दोनच नोंदी आल्या: शर्यत पुरी केली नाहीं, आणि नांव ‘सदाशिर’. पहिली नोंद खरी आहे. ती बदलण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. दुसरी खोटी आहे, आणि ती बदलण्यास एका अक्षराची व थोड्या साक्षेपाची गरज आहे. एवढें काम तरी आपल्या पिढीनें पुरें करावें.